सारजाबाईचं नाक

मी कबरी. अंगावर काळे-पांढरे ठिपके, म्हणून हे नाव. भूम तालुक्यातल्या ईट गावात, गोठ्याच्या भिंतीला लागून सकाळचं ऊन येतं, तिथं पडून मी हे सांगतेय. माझे दात बहुतेक गेलेत. पण सांगायला दात लागत नाहीत, ऐकणारा लागतो. तुम्ही थांबलात, बरं केलंत.

माझा जन्म दगडोबा धनगराच्या पालापाशी झाला. आम्ही पाच भावंडं. माझा मागचा डावा पाय जन्मापासून वाकडा. मेंढरांमागच्या कुत्र्याला दिवसाला चार-पाच कोस चालावं लागतं आणि लांडगा दिसला तर जिवाच्या आकांतानं पळावं लागतं. दगडोबानं मला एका हातानं उचललं, पाय बघितला आणि परत खाली ठेवलं. त्याचा अर्थ माझ्या आईला कळला असावा. ती मला जास्त चाटायला लागली.

त्या वर्षी त्याची मेंढरं सारजाबाईच्या रानात बसली होती. ज्वारी निघाली की रान मोकळं होतं. मग धनगर तिथं पंधरा-वीस दिवस मेंढरं बसवतो. रानाला खत मिळतं, बदल्यात शेतकरी त्याला धान्य देतो. सारजाबाई धान्याबरोबर आणखी एक गोष्ट द्यायची. कुत्र्यांसाठी सुके रोट, पोतं भरून. ते पोतं द्यायला ती आली आणि जाताना ओच्यात मला घेऊन गेली. माझा भाऊ खंड्या पालाच्या दोरीपाशी उभा राहून बघत होता.

तिला मी अहो-जाहो करत नाही. जिच्या ओच्यात मी पहिल्या दिवशी निजले, तिला कसलं अहो?

सारजाबाईचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला. मूलबाळ नाही. धाकटा दीर व्यंकट, त्याचं घर, त्याचा कारभार. दीर वाईट नव्हता. वहिनीला भाकरीला कमी करत नव्हता. पण घरात काही ठरायचं असलं तर तिला कोणी विचारत नसे. विचारत ते फक्त रोटाचं. परंड्याकडच्या वाटेवर जिथं जिथं धनगरांचे तळ पडत, तिथं 'सारजाबाईचे रोट' म्हटलं की ओळख पटायची.

डोंगराच्या अंगाला मेंढरं नेली की धनगराच्या बायकोला माणसांचीच भाकरी थापायला वेळ पुरत नाही, कुत्र्यांची कुठून थापणार? म्हणून हे रोट. ज्वारीचं पीठ, शिजवून वाटलेला हुलगा आणि मूठभर शेंगदाण्याची पेंड. जाड थापायचा, तव्यावर दोन्हीकडून भाजायचा आणि तीन दिवस कडक उन्हात वाळवायचा. लाकडासारखा झाला की दोन महिने टिकतो.

ती प्रत्येक जिन्नस पारखून घ्यायची. ज्वारी पांढऱ्या धडप्यावर पसरायची, दाणा दाताखाली फोडून बघायची. पेंड पाण्यात टाकून हलवायची. वाळू तळाला बसली, टरफल वर आलं, तर ती पेंड परत. वाळलेला रोट मोडायची. तो कट् करून तुटला पाहिजे आणि तुटलेली कड आतून बाहेरून एका रंगाची दिसली पाहिजे. शेवटी नाकाशी धरायची. सगळ्यात जास्त भरवसा तिचा त्या वासावर.

शेजारच्या गजराबाईनं एकदा तिला हसत विचारलं होतं की, सोयरीक बघावी तसं हे कुत्र्याचं पीठ कशाला बघतेस? सारजाबाई म्हणाली, "माणसाला भाकरी कडू लागली तर ते ताट सारून उठतंय. कुत्रं घातलेलं खातंय आन् आपल्याकडं बघून शेपूट हालवतंय. त्याच्या वाटचं आपुनच बघाया पायजे."

सत्तावन्न साली तापाची मोठी साथ आली. घरोघर माणसं अंथरुणाला खिळली. सारजाबाई अकरा दिवस पडून होती. बाराव्या दिवशी उठली, चुलीवर दूध ठेवलं आणि तिथंच बसली. दूध उतू गेलं, करपलं, मला दारात ठसका लागला. ती शेजारी बसून कढईकडं बघत होती आणि तिला काही कळत नव्हतं. मी भुंकले. तिनं दूध उतरवलं. मग मिरचीची पूड हुंगली. रॉकेलची बाटली हुंगली. शेवटी माझ्या मानेत नाक खुपसून बसली आणि रडली. मला धुऊन महिने झाले होते. माझा वाससुद्धा तिला येत नव्हता.

तिनं ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोटाचं कामही गेलं असतं, आणि त्या घरात तिच्या नावाचं तेवढं एकच काम होतं. दुसऱ्या दिवशी तिनं तळहातावर पीठ घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. मी चाटलं. मग जुनं, अळी पडलेलं पीठ धरलं. मी तोंड फिरवलं. तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. त्या दिवसापासून तिच्या नाकाचं काम माझ्याकडं आलं.

दोन वर्षं हे चाललं. डोळे तिचे, हात तिचा, नाक माझं. कोणाला पत्ता लागला नाही.

तिसऱ्या वर्षी चैत्रात मला चार पिल्लं झाली. त्याच सुमारास नवं धान्य ठेवायला व्यंकटनं जुनं पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. उघडलं की दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं, आतली वाफ जाऊ द्यायची, कंदील सोडून तो विझत नाही ना बघायचं आणि मगच माणूस उतरायचा. वरची ज्वारी मोत्यासारखी निघाली. तळाला मात्र पाणी मुरलं होतं. कडेची चार पोती ज्वारी काळी पडून ढेकळासारखी झाली होती.

दगडोबाची मेंढरं रानात बसलेली होती. सारजाबाईनं एक पोतं रोट तयार करून ठेवले होते, स्वतः निवडलेल्या ज्वारीचे. दुसऱ्या पोत्याचं दळण बाकी होतं. तेवढ्यात दगडोबाचा निरोप आला की पाणी आटलंय, आठ दिवस आधीच निघायचं आहे.

व्यंकटनं वहिनीची घाई बघितली. त्यानं ती काळी ज्वारी दोनदा धुतली, वाळवली आणि गावात नवीन आलेल्या इंजिनच्या गिरणीतून दळून आणली. पिठाचा डबा तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाला, दळण आणलंय, तुमचा ताप वाचला. गुळाच्या पाण्यात मळा, कुत्री आवडीनं खातील. कुठली ज्वारी, असं तिनं विचारलं. पेवातली, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

गुळाच्या पाण्यानं पीठ तांबूस झालं. काळपटपणा झाकला गेला. तिनं बोटभर गोळा घेतला आणि माझ्याकडं गोठ्यात आली.

आता मी जे सांगणार आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला वास आला होता. गुळाच्या खाली, अगदी खाली, कुबट, ओल्या भिंतीसारखा. पण चार पिल्लं दिवसभर ओढत होती. पोटात आग पडली होती आणि गूळ नाकापाशी होता. मी तो गोळा खाल्ला, वर तिचा हातही चाटला. ती म्हणाली, "झ्याक हाय म्हन की." आणि गेली.

दगडोबा दोन्ही पोती घेऊन निघून गेला. जाताना खंड्या गोठ्यात डोकावून माझी पिल्लं हुंगून गेला.

उरलेले दहा-बारा रोट सारजाबाई मला रोज घालत होती. पाच-सहा दिवसांनी मला उलट्या सुरू झाल्या. पाय लटपटायला लागले. माझं एक पिल्लू त्याच आठवड्यात गेलं. दुधातून बाधलं की आणखी कशानं, मला माहीत नाही. मी पुढं ठेवलेला रोट हुंगून मागं सरले. सारजाबाई बघत राहिली. मग तिनं तो रोट मोडला, पाण्यात कुस्करला आणि परात उन्हात नेली. पाण्यावर काळ्या बुरशीचे कण तरंगत होते.

तिनं व्यंकटला विचारलं. त्यानं आधी परातीतलं पाणी बघितलं. मग म्हणाला, "तळाची ज्वारी व्हती. दोनदा धुतली की. कुत्र्यालाच तर घालायची व्हती, वैनी."

सारजाबाई भांडली नाही. तिनं विचारलं, दगडोबाचा तळ कुठं असेल. भूमच्या अलीकडं, उत्तरेश्वरच्या माळावर, असं त्यानं सांगितलं. सात-आठ कोस. तो म्हणाला की मी कोणाकडून तरी निरोप पाठवतो. कुत्र्यांपायी घरची बाई एवढी वाट तुडवत गेली तर गाव हसेल. ती म्हणाली, "निरोप सांगंल की रोट खराब हायती. पन दोन पोती हायती त्येच्याकडं, कुठला चांगला आन् कुठला न्हाय, ते निरोपाला कसं कळंल?"

सकाळी एस.टी. आली. कंडक्टरनं तिला चढू दिलं, मला अडवलं. सारजाबाई खाली उतरली. पाटीत जुनं लुगडं अंथरून तिनं माझी तीन पिल्लं ठेवली होती. ती पाटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. मी मागं. माझा पाय वाकडा, पोटात कळ. ती दर अर्ध्या कोसाला थांबायची. झाडाखाली पाटी उतरवायची, पिल्लांना माझ्याशी लावायची, मला ओंजळीनं पाणी पाजायची. वाटेत लोक बघायचे. ती कोणाकडं बघत नव्हती.

दिवस कलता कलता आम्ही माळावर पोचलो. लांबूनच मला कळलं की काहीतरी बिघडलंय. आम्ही जवळ गेलो तरी एकही कुत्रं भुंकलं नाही.

पालापुढं दहा-पंधरा माणसं जमली होती. धनगरांच्या हातात काठ्या होत्या. मधे उत्तरेश्वर उभा होता, ज्याच्या रानात मेंढरं बसली होती तो शेतकरी. दगडोबाचं एक कुत्रं मेलं होतं, दोन आडवी पडली होती. आदल्या पहाटे लांडग्यानं तीन कोकरं नेली होती आणि त्याला हुसकायला कोणी उठलंच नव्हतं. उत्तरेश्वरनं दोन दिवसांपूर्वी मेंढरं पिकात शिरली म्हणून दगडोबाशी बाचाबाची केली होती. त्यानंच विष घातलं, असं सगळ्यांनी धरलं होतं. तो लेकराची शपथ घेऊन सांगत होता. कोणी ऐकत नव्हतं.

सारजाबाईनं पाटी खाली ठेवली. तिला घरातल्या चार माणसांतसुद्धा बोलायची सवय नव्हती. ती माणसांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"दगडोबा, त्येंनी काय बी केलं न्हाय. इख माज्या रोटातनं आलंय."

काठ्या तशाच राहिल्या. दगडोबाची बायको बानूबाई पालातून बाहेर आली. तिला ते खरंच वाटेना. ती म्हणाली, "तुमी तर हुंगल्याबिगर रोट देत न्हाय."

"मला वास येत न्हाय, बानूबाई. दोन वर्सं झाली त्या तापाला. ही कुत्री हुंगती आन् म्या देते. ह्या खेपेला गुळानं तिला बी फशिवलं, मला बी."

मागं कोणीतरी हसलं. कुत्रीच्या नाकावर बाईचं नाव, असं काहीसं बोललं. दगडोबानं वळून बघितलं तसं ते हसणं थांबलं. त्यानं काठी टेकवली आणि जमिनीवर बसला. मग उत्तरेश्वरला म्हणाला, "जा बाबा घरी. माजं चुकलं." उत्तरेश्वर गेला नाही. तोही तिथंच बाजूला बसला.

सारजाबाईनं दिराचं नाव घेतलं नाही. मी तिच्याकडं बघत होते. खरं तर माझंही नाव तिनं घ्यायला हवं होतं तसं घेतलं नाही. तिला वाटत होतं मी फसले. मी फसले नव्हते, मी भुकेली होते.

बानूबाईनं तिला क्षमा केली, असं काही झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "माजा पिवळ्या गेला, बाई. हाताखाली वाढला व्हता." सारजाबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

मग दोन्ही पोती बाहेर काढली. प्रवासात ती उघडून एकात एक झाली होती. चांगले रोटही तांबूस भाजलेले, वाईटही तांबूस. सारजाबाई एकेक रोट माझ्यापुढं धरायची. त्या दिवशी मी सगळा जीव नाकात आणून हुंगलं. ज्याला तो ओल्या भिंतीचा वास, तिथं मी मान फिरवायची. शंका आली तरी फिरवायची. सारजाबाई तो रोट मोडायची, पाण्यात टाकायची, बानूबाईला दाखवायची. पहिले चार रोट बानूबाई नुसती बघत होती. पाचव्यापासून ती स्वतः हुंगायला लागली. अंधार पडायच्या आत खड्डा खणून वाईट रोट त्यात घातले आणि पेटवून दिले.

खंड्या पालाच्या मागं पडला होता. डोळे पिवळे, नाक कोरडं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्यानं मला ओळखलं की नाही कोणास ठाऊक. सारजाबाईनं त्याच्या तोंडात चिंधीनं पातळ ताक पिळलं, दर घटकेला. मग कण्यांची पेज. दोन दिवस ती उठली नाही. बानूबाई तिच्यापुढं भाकरी ठेवायची आणि निघून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी खंड्यानं आपलं आपण ताक चाटलं. बानूबाई लांबून बघत होती. तिनं येऊन सारजाबाईच्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हणाली, "तुमी आता जरा आडव्या व्हा."

चौथ्या दिवशी व्यंकट बैलगाडी घेऊन आला. गाडीत चांगल्या ज्वारीची दोन पोती होती. दगडोबानं त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन व्यंकट म्हणाला, "ती काळी ज्वारी माज्या हातची. वैनीनं सांगितलं नसंल."

"न्हाय सांगितलं," दगडोबा म्हणाला.

परतताना व्यंकटनं मला स्वतः उचलून गाडीत घेतलं. ईटच्या फाट्यावर गाडी थांबवून त्यानं तिला विचारलं, "दोन वर्सं वास न्हाय, आन् घरात कुनाला बोललाव न्हाय?" ती म्हणाली, कोणी विचारलं नाही. त्यानं बैलांना हाकललं. त्यानंतर तो रोज सकाळी चुलीपाशी येऊन काही करपतंय का बघून जायला लागला.

पुढच्या वर्षी दगडोबाची मेंढरं आमच्या रानात आली नाहीत. सारजाबाई तरीही रोट करायला बसली आणि अर्ध्यावरच उठली. त्यानंतरच्या चैत्रात मात्र बानूबाई एकटीच पुढं आली. अंगणात बसली, म्हणाली, रोट पाहिजेत, पण करताना मी इथं बसणार. दोघी बसल्या. एक दाणा फोडायची, एक हुंगायची, शेवटी मी. तेव्हापासून दरवर्षी तसंच. खंड्या त्यानंतर चार वर्षं मेंढरांमागं चालला. माझी एक लेक आता त्याच्या जागी आहे.

मधे दुष्काळाचं साल आलं. माणसंसुद्धा रेशनची लाल ज्वारी नाक मुरडून खात होती. त्या वर्षी रोट कमी झाले, लहान झाले. खोटे झाले नाहीत.

आता मी म्हातारी झाले. सारजाबाई माझा रोट कोमट पाण्यात भिजवते आणि खाऊन होईपर्यंत शेजारी बसते. तुमच्या दारातही माझ्यासारखं कोणी असेल. त्याच्यापुढं काय टाकता ते एकदा मोडून बघा. गोड वास आला तर जास्तच बघा. आणि त्यानं ते आनंदानं खाल्लं म्हणून ते चांगलं होतं, असं धरू नका. भुकेल्या जिवाची साक्ष खरी नसते, हे मी माझ्यावरून सांगते.

आमच्या जातीत शेवट जवळ आला की घर सोडून जायची रीत आहे. कोणाला त्रास नको म्हणून. परवा दुपारी मीही गेले, ओढ्याच्या पलीकडं, करंजाच्या झाडाखाली. डोळे मिटून पडले. सारजाबाई साठीला आलीय, गुडघे धरलेत तिचे. तरी तिनं सगळा ओढा पालथा घातला, हाका मारत. सापडले तेव्हा ती रागावली नाही. खाली बसली, दम खाल्ला आणि पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "अगं, मरायचंच आसंल तर घरात मर की. म्या हाय न्हवं."

मग तिनं मला उचललं. माझं ओझं तिला पेलवत नव्हतं. ती दोनदा थांबली.

म्हणून मी ती रीत मोडायची ठरवली आहे. मी आता कुठं जात नाही. इथंच आहे, या भिंतीपाशी.